मागं खुर्ची टाकून बसणारे काका

काकांच्या दुकानात 'चालतंय' म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडं हा शब्द पाण्यासारखा वापरतात. बस तासभर उशिरा आली, चालतंय. भाजीत मीठ कमी पडलं, चालतंय. पोरीला शिकायचं होतं एक आणि घातलं दुसऱ्याच कोर्सला, चालतंय, होईल सवय. काका मात्र हा शब्द कानावर पडला की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे आणि विचारायचे, "चालतंय म्हणजे? बरं हाय का वाईट हाय, तेवढं सांगा." उत्तर मिळेपर्यंत ते पुढं काही बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकं वैतागायची. एकदोघं तर उठून गेलेली मी पाहिली आहेत.

नांदेडला वजिराबादेत, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती. ज्याला यायचं तो विचारत विचारत यायचा, आणि खालच्या दवाखान्यातली बाई दातावर हात ठेवून न आलेल्या प्रत्येकाला न विचारताच जिना दाखवायची. काका कॉम्प्युटर जोडून द्यायचे, पण सगळ्यांना नाही. हिशेबाला, शाळेला, फॉर्म भरायला मशीन पाहिजे असेल तर ते सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचे. ज्यांचं काम हलत्या चित्रांचं आहे, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ कापणारे, गाण्यांचे अल्बम करणारे, अक्षरं आणि चित्रं पडद्यावर नाचवणारे, तेवढ्यांसाठीच ते मशीन बनवायचे. आधी वीसेक वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले होते. "लोकाच्या घरात चित्र नीट दिसावं, एवढंच मी जन्मभर करून राहिलो," असं ते म्हणायचे.

मी मूळची नायगावची. टाळेबंदी उठली त्यानंतरच्या लग्नसराईत मी नांदेडच्या एका स्टुडिओत एडिटिंग करत होते. तिथं माझ्या वाट्याला सगळ्यात जुनं मशीन होतं. एक बटण दाबायचं आणि वर पंख्याकडं बघत बसायचं, असं ते काम. शेवटी साठवलेल्या पैशातून स्वतःचं मशीन घ्यायचं आणि खोलीवर बसून काम करायचं असं ठरवलं. महिनाभर इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून मी एक यादी केली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. ती यादी घेऊन मोठ्या ऐटीत काकांचा जिना चढले.

साठीच्या आसपासचा, काटक माणूस. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. त्यांनी यादी घेतली, वाचली, चार घड्या केल्या आणि चहाच्या कपाखाली ठेवली.

"हे कोण सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणाले, एका माणसाचा व्हिडिओ बघितला.

"त्यो माणूस तुमचं काम करून राहिला का?"

ते म्हणाले, काय घ्यायचं ते सांगू नका, काय करता ते दाखवा. उद्या तुमचं चालू काम घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी भोकरच्या एका लग्नाचं सगळं चित्रीकरण डिस्कवर घालून नेलं. काकांनी मला त्यांच्याकडच्या एका साध्या मशीनवर बसवलं आणि स्वतः माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले. हातात शाळकरी पोरांची असते तसली रेघांची वही. "बसा, काम करा. मी न्हाई असं समजा," म्हणाले. पाठीमागं एक परका माणूस श्वास घेतोय आणि आपण नवरीची एंट्री कापतोय, हे किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. अधूनमधून वहीवर पेन्सिल फिरल्याचा आवाज यायचा तेवढाच.

तासानं त्यांनी वही पुढं केली. नुसत्या उभ्या रेघा. मी जितक्या वेळा थांबले तितक्या. एक्केचाळीस.

"यातल्या निम्म्या वेळा तुम्ही मशीनमुळं थांबल्या," काका म्हणाले, "आन् निम्म्या वेळा काय करावं सुचंना म्हणून. मशीनचं मी बघतो. दुसरं तुमचं तुम्ही बघा."

मला राग आला होता. पण खोलीवर जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, चार वर्षांत स्टुडिओच्या मालकानं एकदाही माझं काम तासभर बसून पाहिलं नव्हतं.

मशीन कसं निवडायचं हे काका ज्या भाषेत सांगायचे ती भाषा कुठल्याच व्हिडिओत नव्हती. ते म्हणायचे, कॅमेरा चित्र घडी घालून ठेवतो, लुगडं ट्रंकेत ठेवावं तसं. जितका नवा कॅमेरा तितकी घडी बारीक. तुम्ही व्हिडिओ कापायला घेतला की प्रोसेसर बिचारा प्रत्येक घडी उलगडत बसतो, म्हणून तो तगडा पाहिजे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रंगारी. रंग, झगमगाट, धूसरपणा ही त्याची कामं. आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा असला की सगळी भांडी एकदम मांडून स्वयंपाक होतो, नाहीतर एक ठेव, एक उचल. "आता तुम्ही सांगा," ते म्हणायचे, "तुमच्या घरी लुगडी जास्त, रंगकाम जास्त, का भांडी जास्त?" गिऱ्हाईक यातलं जे सांगेल ते ते ऐकायचे नाहीत. मागं खुर्ची टाकून बघायचे.

त्यांच्या टेबलावर मॉनिटरशेजारी पितळेची एक वाटी असायची, आणि तिच्यात हळद. काकांचं गाव हदगावकडचं, घरची शेती हळदीची. नवा मॉनिटर आला की ते पांढऱ्या कागदावर चिमूटभर हळद टाकायचे, तिचा फोटो काढून पडद्यावर लावायचे आणि एकदा कागदाकडं, एकदा पडद्याकडं बघत बसायचे. पडद्यावरची हळद पोपटी किंवा केशरी दिसली की मॉनिटर परत. विकणारा कितीही म्हणाला की मोठ्या कंपनीचा आहे, तरी परत. नंतर त्यांनी रंग मोजायचं यंत्रही आणलं होतं, पण आधी हळद आणि मग यंत्र हा क्रम त्यांनी मोडला नाही. नवरीची हळद हिरवी दिसली तर तिची आई तुम्हाला जन्मभर विसरणार नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच आहे.

दिव्यांचा मात्र त्यांना तिटकारा. हल्ली मशीनच्या आत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे बसवतात. एका तरुण फोटोग्राफरनं तसले मागितले, तेव्हा काकांनी त्याला शांतपणे विचारलं की मशीन वरातीला न्यायचं आहे का. तो हट्टालाच पेटला. काका म्हणाले, लावून देतो, पण झाकणाला आतून काळा कागद लावीन. त्या पोराला हसू आलं आणि तो साधे पंखे घेऊन गेला.

माझं मशीन तयार झालं तेव्हा मे महिना होता. मला वाटलं, आता रिक्षात घालून न्यायचं. काकांनी ते उचललं आणि जिन्यानं खाली जायच्या ऐवजी वर निघाले. गच्चीवर त्यांनी पत्र्याची एक खोली केली होती. भर दुपारी बारा वाजता तिथं मशीन मांडलं, माझंच लग्नाचं काम लावलं आणि शेवटचा व्हिडिओ तयार करायला सोडून दिलं. नांदेडचा मे, वर तापलेला पत्रा. मी म्हणाले, काका, एवढ्या उन्हात कोण काम करतं? त्यांनी पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला, मलाही एक भिजवून दिला आणि म्हणाले, "पुण्याच्या थंड खोलीत बघून बनवलेलं मशीन हितं मे महिन्यात दम सोडतंय. आपलं मशीन आपल्या उन्हात चाललं पाहिजे."

तीन तास मशीन सलग चालवून बघायचं, असं काकांनी ठरवलं होतं. ते दर अर्ध्या तासानं उठून मशीनच्या पाठीला तळहात लावून बघायचे, लेकराचा ताप बघावा तसा. दोन तासांनी मशीन अडखळलं. काकांनी तिथंच झाकण उघडलं, एक पंखा काढून उलट्या तोंडानं बसवला, दुसऱ्याची जागा बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणजे आणखी तीन तास. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. माझं डोकं ठणकत होतं. पण त्यानंतरच्या एकाही उन्हाळ्यात ते मशीन बंद पडलं नाही, हे मला सांगायलाच पाहिजे.

खरी गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षी घडली.

लातूरला कानानं ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंना विज्ञानाचे धडे खुणांच्या भाषेत करून पाहिजे होते. एका बाजूला शिक्षिका हातांनी सांगणार, दुसऱ्या बाजूला हलती चित्रं. हृदय कसं चालतं, पाऊस कसा पडतो, बी कसं रुजतं, असे बारा धडे. शाळा जूनमध्ये उघडायच्या आत. कुणाकडून तरी माझं नाव त्यांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदा लग्नाबाहेरचं काम आलं होतं. मी हो म्हणाले आणि चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर रात्रंदिवस शिकले.

काम सुरू झालं आणि मशीन जड पडायला लागलं. हृदयाच्या चित्रात चाळीसेक थर होते. चालवून बघावं तर चार सेकंद चालायचं आणि थांबायचं. पुन्हा चार सेकंद. लग्नं कापताना पाण्यासारखं पळणारं मशीन इथं खडीवर आल्यासारखं झालं. मला वाटलं, मलाच येत नाही. नवीन आहे, हात बसेल. चार सेकंद बघायचं, उरलेलं मनात कल्पायचं, असं करून मी तीन धडे कसेबसे पुरे केले. काकांना फोन करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

काकांची एक पद्धत होती. मशीन दिल्यावर ते काही महिन्यांनी न सांगता गिऱ्हाइकाच्या घरी यायचे. तसे ते एका सकाळी माझ्या खोलीवर आले, पाणी प्यायले, मागं खुर्ची टाकली आणि वही काढली. "बसा, काम करा."

मी हृदय लावलं. चार सेकंद, थांब. चार सेकंद, थांब. दहा मिनिटांत मागचा पेन्सिलचा आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं तर काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती.

"हे असं कवापासून हाय?"

"महिना झाला असेल. पण काका, चालतंय."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्यावरच्या थांबलेल्या हृदयावर बोट ठेवलं.

"ताई, ही माझी चूक हाय," ते म्हणाले. "मी तुमचं लग्नाचं काम बघितलं आन् मशीन बनवलं. तुम्ही पुढं काय करणार, ते विचारलंच न्हाई. रंगारी मोठा दिला, ओटा बारका दिला. ह्या कामाला ओटाच लागतो."

मी म्हणाले, तेव्हा मलाच कुठं माहीत होतं. मला तर वाटलं, माझाच हात कमी पडतोय.

त्यावर ते जे म्हणाले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. "महिनाभर तुम्ही मशीनची चूक आपल्या अंगावर घेतली. ती सवय मशीनमुळं लागलेली न्हाई, माय. ती आधीची हाय. तेवढी सोडा."

माझे डोळे भरून आले, कारण आता विषय मशीनचा राहिला नव्हता. लहानपणापासून जे मिळालं नाही त्याला मी माझीच कुवत कमी आहे असं समजत आले होते, आणि हे एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसानं वही मिटून ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते चौपट रॅम आणि एक वेगळी जलद डिस्क घेऊन आले. चित्रांचं तात्पुरतं सामान त्या डिस्कवर ठेवायचं, म्हणजे कामाच्या डिस्कवर गर्दी होत नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड काढून त्यांनी मधलं बसवलं. देण्याघेण्याचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा त्यांनी मला स्क्रू धरायला दिला. मग हृदय लावलं. ते पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत न थांबता चाललं, आणि तेव्हा मला दिसलं की रक्त मी चुकीच्या कप्प्यात पाठवत होते. चार चार सेकंदांत ते कळलंच नव्हतं.

बाराही धडे वेळेत झाले. शाळा उघडल्यावर ते दाखवायला मी लातूरला निघाले, तर काका म्हणाले मी पण येतो. मशीनचं तिथं काही काम नव्हतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, मशीन तुमच्यासाठी बनवलं, पण तुम्ही कोणासाठी बनवलं ते बघायला नको का?

वर्गात पंचवीसेक मुलं होती. बाईंनी पडदा लावला. मी पुढं एका कोपऱ्यात उभी, आणि काका त्यांच्या सवयीप्रमाणं सगळ्यात मागं, एका बुटक्या बाकावर, मांडीवर वही. हृदयाचा धडा सुरू झाला. मुलं टक लावून बघत होती. बाई खूश, मी खूश. संपल्यावर बाईंनी खुणांनी दोन सोपे प्रश्न विचारले. कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. बाई म्हणाल्या, पहिलाच दिवस आहे, होईल. मीही मान हलवली.

काका मागून उठून आले आणि वही उघडून माझ्यासमोर धरली. पानावर दोन रकाने होते. एकावर 'हात' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'चित्र', आणि खाली रेघाच रेघा, या रकान्यातून त्या रकान्यात उड्या मारत गेलेल्या.

"लेकरं एकतर हात बघतेत, न्हाईतर चित्र बघतेत," ते हळूच म्हणाले. "आपण कानानं ऐकत ऐकत डोळ्यानं बघतो. ह्यांचं ऐकणं बी डोळ्यातच हाय. दोन्ही एकदम दिलं तर दोन्ही जातंय."

बाईंनी ते ऐकलं आणि कपाळावर हात ठेवला. वीस वर्षं त्या हे शिकवत होत्या. फळ्याकडं बोट करताना हातानं बोलायचं नाही, हे त्या रोज पाळत होत्या. पण पडद्यावर चित्र हलायला लागल्यावर आम्ही सगळेच भुललो होतो. उपाय सरळ होता आणि भयंकर कष्टाचा. हात बोलत असताना चित्र थांबलं पाहिजे. चित्र हलत असताना हात थांबले पाहिजेत. म्हणजे बाराही धडे पुन्हा कापायचे.

येताना बसमध्ये अहमदपूरला मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला कसं दिसलं, तुम्हाला खुणांची भाषा तर येत नाही. ते म्हणाले, येत नव्हती म्हणूनच दिसलं. मी पडदा बघतच नव्हतो, लेकरांच्या माना बघत होतो.

पुन्हा कापायला मला पाच आठवडे लागले. ते काम मी ज्या समाधानानं केलं तसं आधी कधीच केलं नव्हतं. काही ठिकाणी माझी सगळ्यात लाडकी हालचाल काढून टाकावी लागली, कारण नेमका तेव्हा हातांना बोलायचं होतं. काका या काळात एकदाही आले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, आता मशीन पण बरं हाय आन् तुम्ही पण, मी कशाला येऊ.

नवे धडे दाखवायला लातूरला गेलो तेव्हा मीच त्यांना आग्रहानं नेलं. या वेळी हृदय संपल्यावर बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून पडद्यापाशी गेली आणि अशुद्ध रक्त कुठून येतं, कुठं जातं, ते स्वतःच्या छातीवर बोट फिरवून वर्गाला सांगायला लागली. एका ठिकाणी ती चुकली, तर मागच्या पोरानं हात हलवून तिला सुधारलं. त्यांचं आपसात जोरदार भांडणच जुंपलं, एकही आवाज न होता. बाई मध्ये पडल्या नाहीत. त्या नुसत्या डोळे पुसत होत्या.

मग बाईंनी मुलांना खुणांनी काहीतरी सांगितलं आणि मागं बसलेल्या काकांकडं बोट केलं. पंचवीस मुलं गर्रकन वळली, आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवायला सुरुवात केली.

काका गडबडले. त्यांना वाटलं, लेकरं टाटा करतायत. वेळ संपली असं समजून त्यांनीही ओशाळल्यासारखा एक हात हलवला, वही पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मुलांचे हात तसेच हवेत.

मी धावत गेले. ते फाटकापाशी पोचले होते, चार वाजताची नांदेड गाडी गाठायच्या घाईत. मी त्यांना सांगितलं की काका, ते टाटा नव्हतं. ही मुलं टाळ्या अशाच वाजवतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसेल अशा.

ते फाटकाला हात लावून उभे राहिले. समोरच्या रस्त्यावरून रिक्षा, ट्रॅक्टर जात होते, आणि ते माझ्याकडं न बघता तिकडंच बघत होते. मग म्हणाले, "माझ्यासाठी?"

मी हो म्हणाले.

"आन् मी अर्ध्यातून उठून आलो," ते म्हणाले, आणि वळून भराभर शाळेकडं चालायला लागले.

वर्गाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. मुलं अजून त्या हृदयावरूनच भांडत होती. एकेकाचं लक्ष गेलं तसा वर्ग थांबला. काकांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं पसरून, जरा अडखळत, पंजे हलवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मुलांचे हातही वर गेले. कोण कुणासाठी टाळ्या वाजवतंय हे कुणालाच कळत नव्हतं, आणि थांबायचं कुणी, हेही.